इमॅटिनिबची गोळी घरी घेताना: रोज काय करायचं, कशाकडे लक्ष ठेवायचं

सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हा रक्ताचा कॅन्सर. पण लवकरच्या टप्प्यात सापडलेल्या बहुतेक रुग्णांना सलाईनची केमो लागत नाही, भरती व्हावं लागत नाही. डॉक्टर एक गोळी लिहून देतात, बहुतेकदा इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, आणि सांगतात, "रोज जेवणासोबत एक. बंद करायची नाही." ओपीडीच्या गर्दीत याहून जास्त बोलायला सवड नसते. मग हा उपचार वर्षानुवर्षं घरातच चालतो, आणि चुकाही घरातच होतात. त्या कुठे होतात आणि कशा टाळायच्या, ते पुढे लिहिलं आहे. तुमच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी काही वेगळं लिहिलं असेल तर तेच धरून चाला.

गोळी नेमकं काय करते

बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या मगजातल्या, एका पेशीत ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्राचे तुकडे तुटतात आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. आखूड झालेलं २२ नंबरचं गुणसूत्र १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात सापडलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. हा बिघाड आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. जिथे सांधा जुळतो तिथे बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं एक होतात आणि त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. पेशीला वाढायचा हुकूम देणं हे त्याचं काम, आणि हा हुकूम कधी थांबतच नाही. पांढऱ्या पेशी लाखांवर जातात, पानथरी वाढून डावी बरगडी जड वाटते, जरा खाल्लं की पोट भरतं.

हुकूम द्यायला या प्रथिनाला ऊर्जा लागते. ऊर्जेचा कण येऊन बसावा म्हणून त्याच्या अंगात एक खोबण असते. इमॅटिनिब नेमकं त्या खोबणीत जाऊन बसतं, आणि हुकूम थांबतो. २००१ साली अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. त्याआधी सीएमएल झालेल्या माणसाकडे हाताशी चारपाच वर्षं आहेत असं धरून चालत. आज नीट गोळी घेणारे बहुतेक रुग्ण जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगतात.

पण गोळी बिघडलेलं जनुक दुरुस्त करत नाही. नळाचा वायसर गेला की तोटी हाताने दाबून धरली तरच धार थांबते, हात काढला की पुन्हा वाहू लागते. इमॅटिनिब म्हणजे तो दाबून धरलेला हात. रक्तातलं औषध साधारण १८ तासांत निम्मं होतं, म्हणून रोज गोळी. अँटिबायोटिकच्या कोर्ससारखा या गोळीचा कोर्स पूर्ण होत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ नळ दाबून धरलेला आहे एवढाच.

दुसरी गोष्ट, अशा औषधांना 'टार्गेटेड', म्हणजे नेम धरून मारणारी, म्हटलं तरी नेम फक्त कॅन्सरवर बसत नाही. तशाच आकाराच्या खोबणी शरीरातल्या आणखी काही प्रथिनांनाही आहेत: सी-किट, पीडीजीएफआर. त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी सी-किटवर चालतात आणि पीडीजीएफआर केशवाहिन्यांभोवतीचं पाणी आवरून धरतं. इमॅटिनिबचे बरेचसे त्रास इथूनच येतात. सी-किटमुळेच हीच गोळी जठर-आतड्यांच्या जिस्ट नावाच्या गाठीवरही चालते.

घ्यायची कशी

दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण निवडा. बहुतेकांना रात्रीचं जेवण सोयीचं पडतं, कारण मळमळ झोपेत निघून जाते. गोळी रिकाम्या पोटी किंवा जेवणाआधी नको. अर्धं जेवण झाल्यावर, किंवा शेवटच्या घासाबरोबर घ्या. वरून पूर्ण पेलाभर, म्हणजे २०० मिली पाणी प्या. दोन घोटांत ढकललेली गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जळजळते. गोळी घेतल्यावर निदान तासभर आडवं होऊ नका.

गोळी गिळता येत नसेल तर चुरडू नका. ४०० ची गोळी पेलाभर साध्या पाण्यात टाका, चमच्याने ढवळत राहा आणि विरघळली की लगेच प्या. तळाशी साका राहिला तर थोडं पाणी घालून खळबळून तेही प्या. चुऱ्याला हात लागू देऊ नका, आणि गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला किंवा त्या पेल्याला हात लावू नये.

गोळी थंड आणि कोरड्या जागी, ३० अंशांखाली ठेवायची. फ्रिजची गरज नाही. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखालची फळी, खिडकी, गाडीचा डॅशबोर्ड आणि गॅसशेजारचं कपाट या जागा टाळा. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा चांगला.

उपवासाचं पुष्कळजण विचारतात. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी हे पोटात गेलं की गोळीपुरतं ते जेवणच. निर्जळी उपवास मात्र जमणार नाही, त्या दिवशी गोळी रिकाम्या पोटी पडते किंवा बुडते. रमजानमध्ये इफ्तारच्या जेवणासोबत घ्या. वारीला किंवा बाहेरगावी निघालात तर गोळ्या मोठ्या बॅगेत नको, जवळच्या पिशवीत हव्यात, आणि चार दिवसांच्या जास्तीच्या.

गोळी चुकली तर

त्याच दिवशी आठवलं तर काहीतरी खाऊन घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून एकदम दोन कधीच नाही. गोळीनंतर उलटी झाली तरी स्वतःहून दुसरी घेऊ नका, पुढची नेहमीच्या वेळी.

एखादी गोळी चुकल्याने आभाळ कोसळत नाही. 'अधूनमधून' चुकत राहणं हा खरा धोका. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या ८७ रुग्णांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात बाटलीच्या झाकणात चिप बसवून ती कधी उघडली याची नोंद ठेवली होती. ९० टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी ९४.५ टक्के रुग्णांचा आजार सहा वर्षांत हव्या त्या खोल पातळीपर्यंत दबला. ज्यांच्या गोळ्या त्याहून कमी झाल्या, त्यांच्यात हे प्रमाण २८.४ टक्के होतं. ८० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत एकालाही ती पातळी गाठता आली नाही. आता हिशेब करा: महिन्याला तीन गोळ्या बुडाल्या की तुम्ही ९० टक्क्यांवर आलात.

म्हणून दुधाचा हिशेब लिहितो तशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. गोळी पोटात गेल्यावर खूण, आधी नाही. महिन्याच्या शेवटी स्ट्रिपमध्ये उरलेल्या गोळ्या आणि खुणा ताडून पाहा. चुकलेली गोळी डॉक्टरांपासून लपवू नका. ती लपवली तर 'औषध लागू पडत नाही' असं समजून नको असलेलं महाग औषध सुरू होऊ शकतं.

स्ट्रिप हातात आल्यावर

इमॅटिनिब १०० आणि ४०० अशा दोन ताकदींत मिळतं. मेडिकलवाल्याकडे ४०० नसली की तो १०० च्या देतो, आणि घरी आल्यावर सवयीने रोज एकच घेतली जाते. म्हणजे पाव डोस. सगळ्यात सहज होणारी आणि महिनोन्महिने न कळणारी चूक हीच. प्रत्येक नवी स्ट्रिप उजेडात धरून औषधाचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा आणि एक्स्पायरी मोठ्याने वाचा. १०० ची असेल तर ४०० साठी चार गोळ्या, त्याही एकाच जेवणासोबत.

कंपनी बदलली की रुग्ण घाबरतात. २०१३ च्या १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकवरचा, म्हणजे मूळ ब्रँडच्या इमॅटिनिबवरचा, नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतात जेनेरिक इमॅटिनिबची वाट मोकळी राहिली. तेव्हा मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, जेनेरिकचा दहा हजारांच्या आसपास. आता जेनेरिकचा खर्च त्याहूनही खूप खाली आला आहे. चांगल्या जेनेरिकवर हजारो रुग्ण व्यवस्थित आहेत. तरी दर महिन्याला जी स्वस्त मिळेल ती असं करू नका. एक धरून ठेवा, आणि बदलावीच लागली तर तारीख वहीत लिहा, म्हणजे पुढच्या रिपोर्टमध्ये काही वेगळं दिसलं तर दुवा सापडेल. खर्चासाठी हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा. अमृत फार्मसीत कॅन्सरची औषधं सवलतीत मिळतात. घरात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या. शेवटच्या दिवशी दुकानात गेलं आणि माल नसला, तर चारपाच दिवस सहज बुडतात.

होणारे त्रास आणि त्यावर घरचं काम

डोळ्यांभोवतीची सूज बहुतेकांना येते. सकाळी उठल्यावर पापण्या जड आणि फुगलेल्या, दुपारपर्यंत बऱ्याच उतरलेल्या. कुणी 'रडलात का' विचारलं तर वाईट वाटतं, पण ही सूज सहसा निरुपद्रवी असते. उशी उंच घ्या. जेवणातलं मीठ कमी करा, आणि त्याहून जास्त वरचं मीठ: लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाण, सुकट. लघवी होण्याची गोळी मनाने घेऊ नका. ती लागली तर डॉक्टर देतील.

डोळ्यांची सूज आणि अंगात पाणी साठणं यांतला फरक वजनाच्या काट्यावर कळतो. दर रविवारी आणि बुधवारी, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि लिहा. आठवड्यात दोन किलो वाढलं, पावलं सुजली आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहिला, चढताना धाप लागू लागली, तर त्याच दिवशी फोन करा. उतारवयात आणि हृदयाचा जुना त्रास असलेल्यांनी याबाबत जास्त सावध राहावं.

पोटऱ्यांत, तळपायात किंवा हाताच्या बोटांत गोळे येणं हाही नेहमीचा त्रास, आणि तो बहुधा रात्री येतो. गोळा आला की पाय सरळ करा, अंगठा धरून पाऊल स्वतःकडे ओढा आणि तसंच धरून ठेवा. पोटरी ताणली गेली की गोळा सुटतो. मग कोमट शेक द्या. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीवर, अशी दोन-तीन मिनिटं पोटरी ताणायची सवय लावली तर रात्र बरी जाते. गोळे रोजच येत असतील तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस तपासायला सांगा, कारण इमॅटिनिबने फॉस्फरस उतरू शकतो.

मळमळ बहुतेकदा घेण्याच्या पद्धतीमुळे होते, म्हणून आधी ती तपासा: भरल्या पोटी घेतली का, पाणी पूर्ण प्यायलात का. तरी होत असेल तर उलटीचं औषध डॉक्टरांकडून घ्या. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट नव्हे. मऊ भात, ताक, केळं. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड ताप नसेल आणि शौचात रक्त नसेल तरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात.

त्वचेचं जरा सविस्तर सांगायला हवं. काही महिन्यांत चेहरा, हात, कधी सगळं अंग उजळ दिसू लागतं, कधी ठिपक्याठिपक्यांनी. सावळ्या त्वचेवर ते लगेच डोळ्यात भरतं. काहीजण त्याने खूश होतात, तर काही घरांत 'कोड आलं' म्हणून कुजबुज सुरू होते आणि सून किंवा मुलगी गोळी लपवून टाकू लागते. हे कोड नाही आणि संसर्ग तर नाहीच. सी-किट दाबलं गेल्याने रंगद्रव्य कमी बनतं. डोस कमी केला किंवा औषध थांबलं की रंग बहुतेकदा परत येतो. अशा त्वचेला ऊन लवकर लागतं, म्हणून छत्री, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन. घरच्यांना हे ओपीडीत डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, त्याचा उपयोग होतो.

साधं खाजरं पुरळ मॉइश्चरायझर आणि खाजेच्या गोळीने आटोक्यात येतं. पण पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणं असं काही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

पहिल्या तीन महिन्यांत पेशींचा काउंट खाली जातो तेव्हा घरात घबराट होते. बोन मॅरोमध्ये बिघडलेल्या पेशींनी जागा व्यापलेली असते. त्या गेल्यावर चांगल्या पेशींना उभं राहायला वेळ लागतो. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर डॉक्टर साधारणपणे गोळी थांबवतात, आणि न्यूट्रोफिल १,५०० व प्लेटलेट ७५,००० च्या वर आल्या की पुन्हा सुरू करतात. थांबवणं आणि सुरू करणं दोन्ही त्यांनी सांगितल्यावर. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून उत्तराची वाट न पाहता स्वतःच गोळी बंद करणारे पुष्कळ दिसतात, आणि मग ती पंधरा दिवस बंदच राहते.

बाकीची औषधं, काढे आणि फळं

इमॅटिनिब यकृतातल्या सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमने मोडलं जातं. एखाद्या औषधाने हे एन्झाइम जोरात चालवलं तर इमॅटिनिब रक्तात टिकत नाही, अडवलं तर साठत जातं.

आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे टीबीचं रिफाम्पिसिन. त्याने इमॅटिनिबची रक्तातली एकूण मात्रा सुमारे ७४ टक्क्यांनी घटते. गोळी रोज पोटात जाते, खुणा बरोबर असतात, आणि तरी आजार मोकळा सुटतो. टीबीचं निदान झालं तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी मिळालीच पाहिजे. फिट्ससाठीचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही असंच करतं. उलट बाजूला, म्हणजे एन्झाइम अडवणारी, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक, आणि बुरशीवरची केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल. नायट्यावर इट्राकोनाझोल आता सर्रास दिलं जातं, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनाही इमॅटिनिबचं नाव सांगा. कोलेस्टेरॉलवरच्या सिम्वास्टॅटिनची रक्तातली मात्रा इमॅटिनिबमुळे साडेतीन पटींपर्यंत वाढते आणि स्नायू दुखू लागतात. कोलेस्टेरॉलचं वेगळं औषध मागून घ्या. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर आधीच सांगा.

तापाला पॅरासिटामॉल ५०० ची एखादी गोळी चालते, पण रोज नको, दोघांचाही भार यकृतावर पडतो. काउंट कमी असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं मिळत नाही, पण त्याचं भावंड पपनस मिळतं. गोव्यात आणि दक्षिण कोकणात त्याला तोरंज म्हणतात आणि ते गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीवरच्या फळा-पानांच्या चौकटीला, टांगतात. टांगायला हरकत नाही, खायचं मात्र नाही. हे फळ तेच एन्झाइम अडवतं. संत्रं, मोसंबी, स्वयंपाकातलं लिंबू यांना हा नियम नाही.

काढ्यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही लोकांना यकृताची सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. इमॅटिनिबनेही यकृताचे आकडे वाढू शकतात. दोन्ही चालू असताना आकडे वाढले तर दोष कुणाचा हे कळत नाही, आणि थांबवली जाते ती कॅन्सरची गोळी. भाजीतली हळद खुशाल खा. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल नकोत.

तपासण्या

पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचा काउंट, दुसऱ्या महिन्यात पंधरा दिवसांनी, मग दोन-तीन महिन्यांनी. यकृताची तपासणी सुरुवातीला दर महिन्याला. औषध सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालेली असावी, कारण दबून बसलेला हा विषाणू या औषधांनी उसळू शकतो.

पण नळ खरोखर दाबला गेलाय का, हे सीबीसीत दिसत नाही. ते बीसीआर-एबीएलच्या पीसीआर तपासणीत दिसतं, साधं रक्त घेऊन, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. रिपोर्टवर 'आयएस', म्हणजे आंतरराष्ट्रीय मापावरचा आकडा आहे ना ते पाहा, आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. तीन महिन्यांना १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांना १ टक्का किंवा कमी, बारा महिन्यांना ०.१ टक्का किंवा कमी, हे टप्पे. सहा महिन्यांनंतरही आकडा १० च्या वर किंवा वर्षानंतरही १ च्या वर असेल तर औषध बदलायचा विचार होतो.

आकडा वर चढू लागला तर क्रमाने शोधा. आधी उरलेल्या गोळ्या मोजा. मग स्ट्रिपवरचे मिलिग्रॅम. मग गेल्या तीन महिन्यांत सुरू झालेलं प्रत्येक औषध, काढा, पावडर. या सगळ्यात काही सापडलं नाही की मग म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या नव्या बदलाची, तपासणी: खोबणीचा आकार बदलला की गोळी तिथे बसत नाही. टी३१५आय नावाच्या बदलात इमॅटिनिबच नव्हे, सीएमएलवरच्या डॅसाटिनिब आणि निलोटिनिब या गोळ्याही चालत नाहीत. पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिब लागतं. म्हणून तपासणी न करता अंदाजाने गोळी बदलण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

रात्र असली तरी हॉस्पिटलला जायचं ते यासाठी: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, विशेषतः काउंट कमी असताना. झोपल्यावर वाढणारा दम किंवा छातीत दुखणं. काळी किंवा रक्ताची शौच, न थांबणारं नाकातलं रक्त. डोळे पिवळे, लघवी गडद. फोड येणारं पुरळ.

दुसऱ्याच्या गोळीचा नियम आपल्याला लावू नका

नावाच्या शेवटी 'निब' आलं की बहुतेकदा अशीच खोबणीत बसणारी गोळी. 'मॅब' आलं की शिरेतून किंवा त्वचेखाली द्यायचं अँटिबॉडीचं इंजेक्शन. पण घराणं एक म्हणून नियम एक नव्हेत. इमॅटिनिब भरल्या पोटी, तर निलोटिनिब रिकाम्या पोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, कारण अन्नाने त्याची मात्रा वाढते आणि हृदयाची लय बिघडू शकते. इमॅटिनिबवरून निलोटिनिबवर आलेल्या रुग्णाच्या हाताला जेवणासोबत घ्यायची सवय लागलेली असते, ती मुद्दाम मोडावी लागते. डॅसाटिनिबला जठरातलं आम्ल लागतं. सकाळी उठून सवयीने ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांच्या अंगात ते पुरेसं शोषलं जात नाही. इमॅटिनिबला ही अडचण नाही. डॅसाटिनिबने फुप्फुसाभोवती पाणी होऊ शकतं, म्हणून नवा कोरडा खोकला कधी अंगावर काढू नका.

फुप्फुसाच्या कॅन्सरवरची, ईजीएफआर नावाच्या प्रथिनाला अडवणारी गोळी घेणाऱ्यांचं दुखणं वेगळं. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी. ऑसिमर्टिनिब कसंही चालतं. पहिल्या एकदोन आठवड्यांत चेहऱ्यावर आणि छातीवर मुरुमांसारखं पुरळ येतं. ते मुरूम नव्हेत. मुरमांची क्रीम लावली की त्वचा आणखी कोरडी पडते आणि फाटते. साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, कोमट पाणी, ऊन टाळणं, आणि डॉक्टर बरेचदा डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. नखाच्या कडा सुजल्या तर नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका, पायात घट्ट चप्पल-बूट नको. एर्लोटिनिब घेताना विडी-सिगारेट ओढली की औषधाची मात्रा उतरते. आणि अचानक दम, खोकला, ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर, कारण फुप्फुसालाच सूज आलेली असू शकते.

मूल हवं असेल तर

इमॅटिनिबने गर्भाला इजा होऊ शकते. बाईने औषध चालू असताना आणि बंद केल्यावर १४ दिवस गर्भनिरोधक वापरावं. अंगावर पाजू नये. दिवस गेल्याचं कळलं तर घाबरून गोळी फेकू नका, त्याच दिवशी फोन करा. मूल हवं असेल तर ते दीड-दोन वर्षं आधी डॉक्टरांना सांगा, कारण आजार पुरेसा खोल दाबून मगच सुरक्षित फट काढता येते. लग्न ठरताना आजार लपवला, तर लपवून गोळी घेणं आलं, आणि मग गोळ्या बुडतात.

कधी बंद करता येते का

काहींना येते, आणि ते ठरवायचं पीसीआरच्या आकड्यांवर. निदान तीन वर्षं औषध, त्यातली शेवटची दोन वर्षं आकडा ०.०१ टक्का किंवा त्याखाली स्थिर, आधी कधी औषध निकामी ठरलेलं नसणं, आणि बंद केल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर करता येणं. ही शेवटची अट खर्चाची आणि प्रवासाची आहे. ती पाळता येणार नसेल तर गोळी चालू ठेवणं बरं. बंद केल्यावर काहींचे सांधे आणि स्नायू दोन-चार महिने दुखतात. ते औषध सुटल्याचं दुखणं असतं, त्यावरून आजार परतला असं समजू नका. निम्म्याच्या आसपास लोकांचा आकडा पुन्हा चढतो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच. ०.१ टक्क्याच्या वर गेला की गोळी लगेच सुरू करायची, आणि वेळेवर सुरू केली तर जवळपास सगळ्यांचा आकडा पुन्हा खाली येतो.